पडद्यावरचं तरुणपण कुणाचं?

'कयामत से कयामत तक' प्रदर्शित झाला 29 एप्रिल 1988 रोजी आणि 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी. तारीख तीच, मध्ये 28 वर्षं. पहिला पाहिला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. दुसरा पाहिला तेव्हा आमची मुलं कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. दोन्हींत दोन कोवळे जीव घरच्यांना न जुमानता पळून जातात. एक जोडी निर्जन टेकडीवर संसार मांडते, दुसरी हैदराबादच्या झोपडपट्टीत. शेवटी चौघांचाही जीव जातो. आम्ही दोन्ही वेळा रडलो. मात्र 1988 साली थिएटरातून बाहेर पडलो ते गाणी गुणगुणत, आणि 2016 साली बाहेर पडलो तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तरुणांसाठी म्हणून जे सिनेमे निघतात, ते आमच्या काळात बरे होते की आत्ता आहेत? आमच्या पिढीचा माणूस या प्रश्नाचं उत्तर फार पटकन देतो. इतक्या पटकन आलेलं उत्तर एकदा तपासून घ्यायला हवं.

आधी सिनेमाला जाण्याबद्दल बोलू, कारण आमचा सिनेमा पडद्यावर सुरू होण्याच्या बराच आधी सुरू व्हायचा. शुक्रवारच्या पेपरात सिनेमाच्या जाहिरातींचं पान असायचं आणि 'रोज 3, 6, 9' या खेळांच्या वेळा आम्हाला कॉलेजच्या टाइमटेबलपेक्षा पक्क्या पाठ होत्या. पुण्यातली अलका, विजय, नीलायम, मंगला, प्रभात ही आमची भेटायची ठिकाणं. स्टँडवर सायकल लावायची, बिल्ला खिशात टाकायचा आणि आधी काचेच्या कपाटापुढे उभं राहायचं. तिथे सिनेमातले फोटो टाचून ठेवलेले असत. तिकिटाला पैसे नसले तरी फोटो बघायला कुणाची ना नसे. त्या सात-आठ फोटोंवरून आम्ही अख्खी गोष्ट रचायचो आणि पुढे सिनेमा बघितल्यावर कधी कधी आमचीच गोष्ट सरस ठरायची.

मग रांग. तिकिटाची खिडकी एवढीशी की जेमतेम हात आत जावा. त्या हातात चुरगळलेल्या नोटा आणि पाठीवर अख्ख्या रांगेचा रेटा. बायकांची रांग वेगळी आणि आखूड असायची. त्यामुळे वर्गातल्या एखादीला 'आमचीही तिकिटं काढशील का' असं विचारणं, हे सिनेमाला जाण्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत गोड काम असे. हाउसफुलचा बोर्ड लागला की ब्लॅकवाले दबक्या आवाजात भाव सांगू लागत. आत गेलं की बॅटरीचा गोल उजेड पायांपुढे धावायचा. फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, दंतमंजनाची जाहिरात, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र. त्यावरची रिळांची संख्या वाचून सिनेमा किती लांबीचा आहे हे सांगणारा एक जाणकार प्रत्येक टोळक्यात असायचाच.

आता तिकीट फोनवर निघतं. कुठली खुर्ची हवी ते नकाशावर बघून ठरवता येतं आणि दाराशी मोबाइल दाखवला की काम झालं. खुर्ची मागे कलते, पाय लांब करता येतात, आवाज चारी बाजूंनी येतो आणि स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ असतं. आमच्या थिएटरांत खुर्चीत ढेकूण असत, पंखा नेमका आपल्या डोक्यावर आला तर ते नशीब, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात रीळ तुटलं की पाच मिनिटं नुसता आरडाओरडा. हे आठवणीत गोड वाटतं. पण त्याच अंधारात आमच्या बरोबरच्या मुलींना काय सोसावं लागत होतं, हे त्यांनी आम्हाला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. शेजारच्या खुर्चीवरून सरकत येणारा हात, मागच्या रांगेतून येणारे शेरे. म्हणून त्या घोळक्याने यायच्या, नाहीतर भावाला बरोबर घेऊन यायच्या, आणि कडेच्या खुर्चीवर कुणी बसायचं हे घरून निघतानाच ठरवायच्या. आज एकटी मुलगी रात्रीच्या खेळाला येते, आपल्या मनाने निवडलेल्या खुर्चीवर बसते आणि सिनेमा बघून घरी जाते. जुन्या थिएटरांसाठी हळहळताना एवढं जरी लक्षात ठेवलं, तरी हळहळीला लगाम बसतो.

तरीही त्या छपराखाली एक गोष्ट होती, तिची जागा नव्या थिएटरांत कशानेच भरून निघालेली नाही. खाली स्टॉलला रिक्षावाला असायचा, मंडईतला हमाल असायचा, आमच्यासारखी पैसे जमवून आलेली पोरं असायची. वर बाल्कनीत डॉक्टरांचं नाहीतर वकिलांचं कुटुंब असायचं. तिकीट वेगळं, पण खेळ एकच आणि छप्पर एकच. पहिली शिट्टी खालून यायची, पडद्याच्या दिशेने चिल्लर उडायची आणि हळूहळू बाल्कनीही टाळ्या वाजवायला लागायची. कुठे हसायचं आणि कुठे गप्प व्हायचं, हे सगळे एकमेकांकडून शिकत होते.

आज चौघांच्या कुटुंबाला तिकीट आणि पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजार रुपये सहज लागतात. त्यामुळे डॉक्टरांचा मुलगा सिनेमा मॉलमध्ये बघतो आणि हमालाचा मुलगा तोच सिनेमा काही आठवड्यांनी फोनवर बघतो. दोघांचा आवडता नट एकच असतो, पण दोघांनी मिळून कधी टाळी वाजवलेली नसते. तालुक्याच्या गावातली कितीतरी थिएटरं बंद पडली. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोदाम. 'सैराट' आला तेव्हा तीच गावं पुन्हा थिएटरकडे लोटली. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरला मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागल्याच्या बातम्या आल्या. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले. गावांना सिनेमा नको झाला म्हणून थिएटरं ओस पडली, असं म्हणायची सोय त्या उन्हाळ्याने ठेवली नाही. गावांसाठी कुणी सिनेमा काढत नव्हतं.

आता खुद्द सिनेमांकडे वळू. आमच्या तरुणपणी मराठीत आमच्यासाठी काय होतं? 'कयामत'च्याच साली 'अशी ही बनवाबनवी' आला. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, हे त्यातलं दुखणं शंभर टक्के आमचं होतं आणि तो सिनेमा आजही आम्हाला पाठ आहे. पण त्यातले नायक आमच्यापेक्षा वयाने बरेच मोठे, आणि प्रेम हा त्यात हशा पिकवण्याचा विषय. 1991 साली 'माहेरची साडी'ने घराघरातल्या बायकांना रडवलं. कॉलेजातल्या मुलाच्या जिवाची उलघाल मांडणारं मात्र मराठी पडद्यावर फारसं काही नव्हतं. प्रेमात पडायचं तर ते हिंदीत पडावं लागे. 'मैंने प्यार किया' 1989 च्या अगदी अखेरीस आला, तेव्हा नायिका भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धनांची, आई रीमाताई आणि जोडीला आपला लक्ष्या, एवढ्यावरच आम्ही हरखलो होतो. दुसऱ्याच्या घरातल्या समारंभात आपली माणसं दिसावीत, तसा तो आनंद होता.

आज तालुक्याच्या गावातल्या मुलीला पडद्यावर 'सैराट'ची आर्ची भेटते. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आवडलेल्या मुलाकडे रोखून बघते आणि आपल्याच बोलीत बोलते. आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत शिकणारी मुलगी. या भूमिकेसाठी तिचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला, तोही सिनेमा प्रदर्शित होण्याआधी. त्याआधी 2014 साली 'सैराट'चेच दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'तल्या जब्याने शेवटी प्रेक्षकांच्या दिशेने दगड भिरकावला होता. आमच्या वेळी कुठल्या सिनेमाने आमच्यावर दगड उचलला नव्हता, आणि उचलायला हवा होता असं आता वाटतं. 'कयामत'मध्ये वैर होतं ते दोन तोलामोलाच्या ठाकूर घराण्यांचं. मोठ्यांनी हट्ट सोडला असता तर ती मुलं वाचली असती. 'सैराट'मध्ये कुणा एकाच्या हट्टाने मुलं मरत नाहीत. तिथे जात मारते, आणि ती आपल्या ओळखीच्या, प्रेमळ वाटणाऱ्या घरातून चालत येते. प्रेमाच्या आड नेमकं काय येतं, हे आमच्या सिनेमांनी आम्हाला नीट सांगितलं नाही. श्रीमंत बाप आणि गरीब मुलगा, एवढ्यावर आमची बोळवण झाली.

यापेक्षा वाईट गोष्टीही होत्या. 1990 चा 'दिल' आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात नायिकेने खोटा आळ घेतला म्हणून नायक तिला पळवून नेतो, बलात्काराची भीती घालतो आणि मग सोडून देतो. त्यानंतर ती त्याच्या प्रेमात पडते. थिएटर टाळ्यांनी दणाणून जायचं आणि त्यात आमच्या टाळ्याही असायच्या. मुलीच्या मागे लागायचं, तिची वाट अडवायची, ती चिडली म्हणजे तिला आवडलं असं समजायचं, हे धडे आम्ही पडद्यावरून घेतले आणि कॉलेजच्या आवारात गिरवले. आज असा प्रसंग पडद्यावर आला तर समोर बसलेल्या मुली संध्याकाळच्या आत जाहीरपणे जाब विचारतात. तो जाब विचारला जाणं ही मोठी कमाई आहे.

आमच्या सिनेमातला बाप म्हणजे नुसता अडथळा होता. तो दिवाणखान्यात येरझारा घालायचा, मुलीला खोलीत कोंडायचा आणि शेवटच्या रिळात विरघळायचा. वरुण नार्वेकर यांच्या 'मुरांबा'त, 2017 साली, मुलगा प्रेमभंग झाल्याचं आई-वडिलांना सांगतो आणि त्याच्याइतकाच धक्का त्यांना बसतो. घर एकत्र बसून त्या तुटलेल्या नात्याबद्दल बोलतं. आम्ही तो सिनेमा मुलांबरोबर पाहिला आणि आमच्या वडिलांशी आम्ही असं कधीच काही बोललो नाही, याची रुखरुख घेऊन घरी आलो. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा लागला की मिसरूड फुटल्याचा पुरावा डोअरकीपरपुढे न्यायचा, एवढीच लैंगिकतेच्या विषयातली आमची तयारी होती. घरात तो शब्दही निघत नसे. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'ने 2013 साली मुलांचं ते कुतूहल हसतखेळत पालकांपुढे ठेवलं. आमच्या आई-वडिलांना असा सिनेमा मिळाला असता तर त्यांच्याही कितीतरी अवघडलेल्या संध्याकाळी सोप्या झाल्या असत्या.

एवढं सगळं मान्य केल्यावर मागे उरतात ते लहानसहान विधी. गाण्यांचंच बघा. थिएटरबाहेर सिनेमाच्या गाण्यांची चार-आठ पानी पुस्तिका मिळायची; स्वस्त कागद, बोटांना लागणारी शाई. कॅसेट विकत घेणं परवडत नसलं की कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं, वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी ती भरून घ्यायची. साठ मिनिटांत काय बसवायचं आणि काय गाळायचं, यावर रात्र जायची. ती कॅसेट कुणाला द्यायची असेल तर पहिलं गाणं कुठलं आणि शेवटचं कुठलं, यात सगळा निरोप असायचा. 'आशिकी'च्या पोस्टरवर 1990 साली नायक-नायिकेचे चेहरे कोटाखाली झाकलेले होते. चेहऱ्यांआधी गाणी घराघरात पोचली आणि चेहरे बघायला लोक थिएटरात गेले.

आता गाणं हवं त्या क्षणी कानात असतं. कुणाला पाठवायचं तर एका बोटाचं काम. पण एका बाबतीत काळ फारसा बदललेला नाही. 18 जुलै 2025 रोजी मोहित सुरी यांचा 'सैयारा' आला. अहान पांडे आणि अनीत पड्डा या नव्या जोडीला प्रदर्शनापूर्वी मुलाखतींपासून मुद्दाम दूर ठेवलं होतं. आधी पुढे आली ती गाणी. मग थिएटरात हुंदके देणाऱ्या तरुण मुलांचे व्हिडिओ फिरू लागले आणि आमच्या वयाच्या लोकांनी त्यांची टिंगल केली. ती टिंगल मला मुळीच पटली नाही. 'एक दूजे के लिए' बघून 1981 साली आमची मोठी भावंडं डोळे सुजवून घरी आली होती, ते त्या घरांनी पाहिलेलं आहे. गायक मुलगा, गाणी लिहिणारी मुलगी आणि तिला विसरायला लावणारा आजार, या गोष्टीत नवं फार नव्हतं. पण विशीतल्या मुलाला अंधारात शेजाऱ्यापाशी रडावंसं वाटतं आणि त्यासाठी तो फोन बाजूला ठेवून थिएटरात येतो, ही मला आनंदाची बातमी वाटली.

खंत आहे ती पुढच्या गोष्टीची. 'सैयारा'नंतर दोनच आठवड्यांनी, 1 ऑगस्टला, शाझिया इक्बाल यांचा 'धडक 2' आला. 'परियेरुम पेरुमाल' या 2018 च्या तमिळ सिनेमावर बेतलेला, कायद्याच्या कॉलेजातल्या दलित मुलाची गोष्ट सांगणारा. पहिल्या 'धडक'ने 2018 साली 'सैराट' उदयपूरला नेताना जातीची धार बोथट केली होती. या दुसऱ्याने ती पुन्हा उघडी ठेवली. 'सैयारा'ला लोटलेल्या गर्दीचा अगदी लहान वाटा त्याच्या वाट्याला आला. आम्ही त्या वयाचे असतो तर आम्हीही गाण्यांच्याच सिनेमाला गेलो असतो, तेव्हा तरुणांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण आमच्या वेळी निवड करायला असा दुसरा सिनेमाच नव्हता. त्यांच्यापुढे तो आहे, आणि तो बघितला गेला पाहिजे.

सिनेमा बघितल्यानंतरचा विधीही होता. ज्याने पहिल्या दिवशी सिनेमा बघितला, त्याने कट्ट्यावर त्याची स्टोरी सांगायची. नुसता सारांश चालत नसे. मारामारीचे आवाज, नायिकेचं मान वळवणं, खलनायकाचं हसणं, सगळं करून दाखवावं लागे. तासभर ती बैठक चालायची. ज्यांना तिकीट परवडणार नाही हे ठाऊक होतं, ते सर्वांत जवळ बसून ऐकायचे, आणि सांगणाराही त्यांच्यासाठीच थोडं वाढवून सांगायचा. कितीतरी सिनेमे आम्ही असे डोळ्यांऐवजी कानांनी पाहिले. पुढे ते खरोखर बघायला मिळाले तेव्हा मित्राने रंगवलेला प्रसंग सिनेमात नसल्याचं कळे आणि मित्राविषयीचं प्रेम वाढे.

आता गोष्ट सांगणं हा गुन्हा झाला आहे. शेवट सांगितला तर मैत्री तुटायची वेळ येते. त्याऐवजी पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच मतं येऊन पडतात, तारे दिले जातात, तीस सेकंदांची चित्रफीत फिरते. ही मुलं आमच्यापेक्षा सिनेमा बारकाईने बघतात, यात शंका नाही. कॅमेरा कुठे ठेवला, रंग कसे वापरले, कोरियन सिनेमातून काय उचललं, हे त्यांना कळतं; आम्हाला नट आणि गाणी यापलीकडे काही कळत नव्हतं. पण न बघितलेल्या मित्रासाठी अख्खा सिनेमा आपल्या अंगावर घेऊन तो पुन्हा उभा करणं, हे प्रेम त्या ताऱ्यांत नाही.

आणि आमच्या सिनेमांना वेळ मिळायचा. सिनेमा पंचवीस आठवडे चालला की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. पहिल्या आठवड्यात उठाव नसला तरी ऐकीव कौतुकावर तो तिसऱ्या आठवड्यात उचल खायचा. मुंबई सेंट्रल स्टेशनासमोरच्या मराठा मंदिरात 20 ऑक्टोबर 1995 ला लागलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', करोनाचा खंड सोडला तर, अजून चालू आहे. तिथे तिकीट काढणाऱ्या कितीतरी मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आज शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत सिनेमाचं भवितव्य ठरतं. सोमवारी मराठी सिनेमाचा खेळ सकाळी नऊला किंवा दुपारी बाराला गेलेला असतो, आणि ज्यांच्यासाठी तो काढला ती मुलं त्या वेळी वर्गात किंवा कामावर असतात. मल्टिप्लेक्सांनी मराठी सिनेमाला चांगल्या वेळा द्याव्यात म्हणून राज्य सरकारने 2015 साली पाऊल उचललं. तक्रार मात्र आजही ऐकू येते. धीर धरला तर काय होतं ते 2023 च्या '12th फेल'ने दाखवलं. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाची ती साधी गोष्ट तोंडोतोंडीच्या कौतुकावर आठवडेच्या आठवडे चालली आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलामुलींना त्यात आपला आरसा दिसला. पण तो आरसा पुन्हा हिंदीच होता.

आता मला खरं जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. गेल्या दीड दशकातले तरुणांचे गाजलेले मराठी सिनेमे एका ओळीत मांडून बघा. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा 'शाळा', 2012: काळ आणीबाणीचा. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा 'दुनियादारी', 2013: सत्तरच्या दशकातलं कॉलेज. 'बालक-पालक': ऐंशीच्या दशकातली चाळ. 2014 चा 'टाइमपास': नव्वदचं दशक. आशिष बेंडे यांचा 2023 चा 'आत्मपॅम्फ्लेट', बर्लिनच्या महोत्सवात तरुणांसाठीच्या विभागात दाखवला गेलेला: पुन्हा ऐंशी-नव्वदचाच काळ. सगळे मनापासून केलेले, बहुतेक मला अतिशय आवडलेले. पण यातलं तरुणपण कुणाचं आहे? ते आमचं आहे. निळी शाई, दप्तर, चिठ्ठी, लँडलाइन, कॅसेट, गच्चीवरची भेट. ज्या पिढीला तरुणपणी मराठी पडद्यावर जागा मिळाली नाही, तिच्या हाती कॅमेरा आला आणि तिने आपली राहिलेली हौस फेडून घेतली.

त्या हौसेचा मी साक्षीदार आहे, लाभार्थीही आहे. 'शाळा' बघताना आमच्या रांगेतल्या पन्नाशीच्या माणसांनी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलांनी त्यांच्याकडे प्रेमाने बघितलं. ती मुलं आमच्या आठवणींत आनंदाने पाहुणी म्हणून आली. पण तिकीट त्यांच्या नावावर विकलं जात होतं, आणि त्यांची गोष्ट मात्र पडद्यावर नव्हती. पाच वर्षं परीक्षा देऊन तिशीला टेकलेला गावाकडचा मुलगा, लग्न जमत नाही म्हणून खचलेला शेतकऱ्याचा पोरगा, नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली घेऊन राहणारी मुलगी, फोनवर सुरू होऊन फोनवरच संपलेलं प्रेम, रात्रपाळीवरून पहाटे परतणारी डिलिव्हरी करणारी पोरं. ही आजची माणसं आहेत आणि थिएटरात ती अभावानेच दिसतात. ती दिसतात यूट्यूबवर. 'गावाकडच्या गोष्टी' आणि भाडिपाच्या मालिका यांनी आजच्या मराठी तरुणाचं बोलणं जसंच्या तसं पकडलं, आणि लाखो मुलांनी ते फोनच्या पडद्यावर एकेकट्याने बघितलं.

गंमत अशी की जुन्याची ओढ आता त्यांनाही लागली आहे. 2016 साली पडलेला 'सनम तेरी कसम' फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा लावला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. बघायला आली ती मुख्यतः विशीतली मुलं. पुन्हा लागलेल्या सिनेमाला ही मुलं गाणी एका सुरात म्हणतात, अनोळखी माणसाबरोबर नाचतात. एकत्र बसून सिनेमा बघण्याची भूक त्यांच्यात मेलेली नाही. आम्ही जे गमावलं म्हणून रडतो, ते त्यांना हवंच आहे. फरक इतकाच की ते त्यांना जुन्या सिनेमांत शोधावं लागतं.

म्हणून माझा निकाल असा. सिनेमा म्हणून आजचे चांगले सिनेमे आमच्या काळातल्यांपेक्षा खरे, धीट आणि माणुसकीचे आहेत. सिनेमा बघणं मात्र आमचं जास्त श्रीमंत होतं, कारण ते सर्वांचं होतं. या दोन्ही गोष्टी एकत्र येणं अशक्य नाही. तालुक्याच्या गावात स्वच्छ, सुरक्षित, शंभर रुपयांत तिकीट देणारं थिएटर हवं. मराठी सिनेमाला किमान दोन आठवडे संध्याकाळचा खेळ हवा. आणि निर्मात्यांनी पैसे लावताना आमच्या पिढीची आठवण थोडी बाजूला ठेवून पंचविशीच्या आतल्या लेखक-दिग्दर्शकाच्या हाती आजची गोष्ट द्यायला हवी.

आपण प्रेक्षकांनीही एक करावं. घरातल्या किंवा ओळखीतल्या विशी-बाविशीतल्या मुलाला, मुलीला विचारावं, तुला कुठला सिनेमा बघायचा आहे. ती सांगेल त्याचं तिकीट काढावं, तेही पहिल्याच आठवड्यात, आणि तिच्या शेजारी बसून तो पूर्ण बघावा. बाहेर आल्यावर 'आमच्या काळी' हे शब्द तोंडून निघण्याआधी तिला बोलू द्यावं, आणि तिचं म्हणणं संपेपर्यंत ऐकावं.